वाळवण आणि अळणी

न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बकर्की शहरात वर्षभरात जेमतेम २३ सेंटिमीटर पाऊस पडतो. आपण ज्याला कायमचा दुष्काळी म्हणतो त्या माणदेशातही याच्या दुपटीच्या आसपास पडतो. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडोचा दक्षिण भाग, टेक्सासची पश्चिम बाजू असा हा अमेरिकेचा नैर्ऋत्य कोपरा. हवा कोरडी, ऊन कडक, रात्री थंड आणि पाणी मोजून वापरायचं. अशा मुलखात अन्न टिकवायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ते उन्हात टाकणं. म्हणून तिथलं जुनं कोठार उघडलं तर सगळं वाळवणच दिसेल: कणसावरून उतरवलेला मका, घेवड्याचे रंगीबेरंगी दाणे, माळेत ओवलेली लाल मिरची, भोपळ्याच्या चकत्या, मांसाच्या पट्ट्या. थोडक्यात, पाणी काढून घेतलेलं अन्न. मग तिथला स्वयंपाक म्हणजे बऱ्याच अंशी काढलेलं पाणी परत घालणं. या लेखात मला जे मांडायचं आहे ते असं: परत घालायचं हे पाणी कुठलं, यावर तिथल्या दाट, पोटभरीच्या सूपची सगळी चव उभी आहे. आदल्या स्वयंपाकातून उरलेला स्टॉक या सूपमध्ये जातो तो उरलंसुरलं खपवण्यासाठी जात नाही. वाळवणाला जोडीदार म्हणून त्याला तिथे बोलावलेलं असतं.

स्टॉक हा शब्द आपल्याकडे हॉटेलांच्या आणि दूरचित्रवाणीवरच्या पाककृतींच्या वाटेने आला, पण ती वस्तू मराठी घराला परकी नाही. कोल्हापुरात मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवतात आणि त्यातून जे पाणी सुटतं त्याला अळणी म्हणतात. त्याच अळणीचा पुढे एका पातेल्यात तांबडा आणि दुसऱ्यात पांढरा रस्सा होतो. पुरणासाठी शिजवलेल्या हरभरा डाळीवरचं पाणी म्हणजे कट, आणि त्याची कटाची आमटी. मुसलमान घरांत यखनी आहे. तीनही ठिकाणी समज एकच आहे, की ज्या पाण्यात काही शिजलं ते पाणी आता पाणी राहिलेलं नाही. पुरणपोळीच्या ताटात तर कटाची आमटी नसेल तर ताट अपुरं वाटतं. तिला कोणी उरलेली आमटी म्हणत नाही. हीच नजर घेऊन नैर्ऋत्येच्या सूपकडे पाहिलं, तर इंग्रजी पाककृतींनी त्याच्यावर चिकटवलेलं काटकसरीचं लेबल किती तोकडं आहे ते कळतं.

सुरुवात मक्यापासून करावी लागते. मेक्सिकोतून वर सरकत मका या प्रदेशात सुमारे ४,००० वर्षांपूर्वी पोचला. मक्याचा कडक दाणा नुसत्या पाण्यात तासन् तास शिजवला तरी त्याचं टरफल सुटत नाही. त्यावर मेसोअमेरिकेतल्या बायकांनी शोधलेला उपाय म्हणजे चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात मका उकळून रात्रभर ठेवणं. सकाळी टरफलं हाताने चोळून निघतात, दाणा फुगतो, आणि त्याला तो ओल्या मातीसारखा, ताज्या भाकरीसारखा वास येतो जो चुन्याशिवाय येत नाही. या क्रियेला तिथल्या नाहुआ भाषेवरून निक्स्टामल करणं म्हणतात. असा मका अमेरिकेत होमिनी म्हणून आणि न्यू मेक्सिकोत पोसोले म्हणून विकला जातो. होपी लोक निळ्या मक्याच्या पिठात एका खारट झुडपाची राख घालतात, नवाहो लोक ज्युनिपरच्या पानांची. दोन्ही राखांतून कॅल्शियम मिळतं आणि पिठाचा निळा रंगही टिकतो.

चुन्याचा हा उपाय चवीपुरता नव्हता. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या रूपात असतं. ते चुन्याने मोकळं होऊन अंगी लागतं. युरोपीय लोकांनी मका नेला, चुना मागेच राहिला. परिणाम म्हणजे पेलाग्रा: कातडी सोलवटणं, जुलाब, मतिभ्रम आणि मृत्यू. स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये या रोगाचं वर्णन केलं, आणि खुद्द अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत त्याने लाखभर माणसं मारली. हा संसर्ग नाही, आहारातली उणीव आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून केलेल्या चिकाटीच्या कामातून सिद्ध झालं. आपल्या दख्खनलाही हा रोग ठाऊक आहे. ज्वारीवर जगणाऱ्या गरीब कुटुंबांत आढळणाऱ्या पेलाग्राविषयी हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतले सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये लिहिलं. तिथलं कारण मक्याहून वेगळं असावं असं त्यांचं प्रतिपादन होतं. माझ्या मुद्द्यासाठी यातून घ्यायचं ते इतकंच की या प्रदेशात धान्य कोणत्या पाण्यात शिजतं हा प्रश्न फार जुना आहे आणि कधीकाळी तो जगण्यामरण्याचा होता. चुन्याचं पाणी हे पहिलं उत्तर. हाडांचं, शेंगदाण्यासारख्या चवीच्या घेवड्याचं, भाजलेल्या मिरचीचं पाणी ही त्यानंतरची.

मिरचीचं प्रकरण थोडं निराळं आहे. मिरची मूळची अमेरिका खंडाचीच, पण न्यू मेक्सिकोत तिची शेती बहरली ती स्पॅनिश वसाहतीबरोबर. १५९८ मध्ये हुआन दे ओन्याते दक्षिणेकडून माणसं आणि जनावरांचे कळप घेऊन रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात आला. त्या वाटेने मेंढी, डुक्कर, गहू, कांदा, लसूण, जिरं हे सगळं आलं. म्हणजे आज ज्याला आपण नैर्ऋत्येची चव म्हणतो ती तिथल्या मूळच्या प्वेब्लो लोकांचा मका-घेवडा-भोपळा आणि स्पॅनिशांचं मांस-मसाला यांच्या चारशे वर्षांच्या सहवासातून झालेली आहे. तो सहवास सुखाचा नव्हता. १६८० मध्ये प्वेब्लोंनी उठाव करून स्पॅनिशांना बारा वर्षं हाकलून लावलं होतं. पातेलं मात्र एक झालं. त्याच शतकभराच्या आगेमागे पोर्तुगीजांनी हीच मिरची गोव्यात उतरवली होती, आणि आज कोकणातल्या ओसरीवर लटकणारी मिरची आणि चिमायो गावात मातीच्या भिंतीवर लटकणारी मिरचीची माळ, तिकडच्या भाषेत रिस्त्रा, या दूरच्या बहिणी आहेत.

न्यू मेक्सिकोची लांबट, मांसल मिरची जशी आज दिसते तिचं श्रेय फाबियान गार्सिया या उद्यानशास्त्रज्ञाकडे जातं. मेक्सिकोत जन्मलेल्या, अनाथपणी आजीबरोबर आलेल्या गार्सियांनी तिथल्या कृषी महाविद्यालयात वर्षानुवर्षं निवड करून १९२१ मध्ये ‘न्यू मेक्सिको क्र. ९’ हे वाण शेतकऱ्यांना दिलं. हॅच खोऱ्यातली आजची प्रसिद्ध मिरची त्याच वंशातली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बाजाराबाहेर जाळीचे मोठे पिंप गॅसच्या ज्वाळेवर गरगर फिरतात, हिरव्या मिरच्या त्यात तडतडतात आणि तो वास रस्ताभर पसरतो. हिरवी असताना भाजायची, लाल झाली की वाळवायची. म्हणून तिथे गिऱ्हाइकाला ‘लाल की हिरवी?’ असं विचारतात, आणि १९९६ मध्ये राज्याने हा प्रश्न आपला अधिकृत प्रश्न म्हणून स्वीकारला. स्टॉकशी या मिरचीचं नातं रसायनाचं आहे. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, चरबीत विरघळतं. नुसत्या पाण्यात घातलेली लाल मिरची वर वर बोचते. हाडांच्या स्टॉकवर तरंगणाऱ्या थोड्याशा स्निग्धावर तीच मिरची पसरली की तिखट जिभेवर सावकाश चढतं आणि रंग तर्रीसारखा वर येतो. तर्री शब्द ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता उंची. सांता फे समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरहून उंचावर आहे, आणि तिथे पाणी साधारण ९३ अंश सेल्सिअसला उकळतं. सात अंशांचा हा फरक वाळलेल्या घेवड्याच्या आणि मक्याच्या बाबतीत तासांचा फरक करतो. मुंबईत जो राजमा प्रेशर कुकरशिवाय दोन तासांत मऊ होईल, त्याला तिथे बराच अधिक वेळ लागेल. इतका वेळ आच लागणार असेल, तर ती आच एकाच पदार्थावर खर्च करणं परवडत नाही. हाडं, दाणे, मिरची एकाच मंद विस्तवावर, एकामागून एक, एकमेकांच्या पाण्यात शिजणं ही तिथली भौगोलिक गरज होती. नवाहोंची मटणाची पातळ भाजी, ज्यात होमिनी असते आणि मसाला जवळजवळ नसतोच, ती खाल्ली की हे नीट कळतं. तिच्यात चवीचं म्हणावं असं स्टॉकखेरीज दुसरं काही नाही, आणि काही लागतही नाही.

हाडांच्या पाण्यात नेमकं काय उतरतं? हाड, कूर्चा, कातडी यांत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं, तीन धाग्यांचा पीळ असलेल्या दोरासारखं. साधारण ६० ते ७० अंशांच्या वर हा पीळ हळूहळू उलगडतो आणि त्याचं जिलेटिन होतं. कोंबडीच्या सांगाड्याला यासाठी तीन-चार तास पुरतात, मोठ्या जनावराच्या हाडांना आठ-दहा. जिलेटिन उतरलं की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे: थंड झालेला स्टॉक थरथरतो. गरम असताना तेच जिलेटिन तोंडात एक भरीवपणा देतं, ओठांना किंचित चिकटतं. त्याच्या जोडीला पाण्यात उतरतात ती लहान द्रव्यं, अमिनो आम्लं, क्षार, ग्लुटामेट. वाळवणाशी जोडी जमते ती इथे. सुकलेला घेवडा शिजताना आपल्या वजनाइतकं आणि त्याहून थोडं जास्तच पाणी पितो. पोसोलेचा दाणा उमलून फुलासारखा होतो. हे पिणं चालू असताना लहान द्रव्यं पाण्याबरोबर दाण्यात शिरतात. जिलेटिनचे मोठे रेणू बाहेरच राहून रस दाट करतात. दाणा आतून चवदार, रस बाहेरून भरीव. नुसत्या पाण्यात शिजवून मग वरून मसाला ओतला तर रस चवीचा होईल, दाण्याचा गाभा मात्र फिक्काच राहील.

हाडांचा विषय निघाला आहे तर टर्की पक्ष्याबद्दल थांबून सांगितलंच पाहिजे, कारण आजच्या अमेरिकी घरात उरलेला स्टॉक म्हटलं की बहुतेकदा टर्कीचाच असतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला अख्खा पक्षी भाजायचा, आणि शुक्रवारी त्याचा सांगाडा पातेल्यात. हा सण ईशान्येकडचा, न्यू इंग्लंडच्या गोऱ्या वसाहतींचा म्हणून सांगितला जातो. पण टर्की माणसाळवली गेली ती दोन ठिकाणी: एकदा मेक्सिकोत, आणि एकदा स्वतंत्रपणे याच नैर्ऋत्य प्रदेशात, आजच्या प्वेब्लोंच्या पूर्वजांकडून, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. उत्खननात मिळालेल्या हाडांच्या आणि विष्ठेच्या जनुकीय तपासणीतून हे २०१० च्या सुमारास पुढे आलं. आरंभीची अनेक शतकं तिथे टर्की पाळली जात होती पिसांसाठी, पिसांच्या उबदार पांघरुणांसाठी आणि धार्मिक विधींसाठी. ती नियमित खाल्ली जाऊ लागली बाराव्या शतकाच्या आसपास. त्यामुळे टर्कीच्या सांगाड्याच्या पाण्यात होमिनी आणि लाल मिरची टाकणं ही आधुनिक गृहिणीची कल्पक जुळवाजुळव वाटली, तरी टर्की आणि मका त्या मातीत हजार वर्षं शेजारी शेजारी आहेत, आणि मिरचीही चारशे वर्षं. हा पक्षी आपल्याकडेही गोव्याच्या वाटेनेच आला. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून तो जहांगीर बादशहाकडे नेला, बादशहाने आपल्या आठवणींत त्याचं नवलाने वर्णन केलं आणि मन्सूर या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं.

माझ्या म्हणण्यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: परंपरेने पोसोले (मक्याचं नाव तेच त्याच्या सूपचंही) उरलेल्या स्टॉकमध्ये करतच नाहीत. नाताळात किंवा प्वेब्लोंच्या ग्रामदैवताच्या उत्सवात भलं मोठं पातेलं चढतं तेव्हा त्यात साधं पाणी, डुकराचं मांस आणि मका एकत्र घालतात. हे खरं आहे. पण त्या पातेल्यात काय घडतं ते पाहा. मांस-हाडं आधी तास-दोन तास उकळतात, फेस काढला जातो, मका त्या पाण्यात जातो, मिरचीची पेस्ट सर्वांत शेवटी. स्टॉक तिथेही आहे, त्याला वेगळं भांडं नाही इतकंच. मोठ्या कुटुंबात, अख्ख्या गावासाठी शिजवताना स्टॉक आणि सूप एकाच दिवशी, एकाच पातेल्यात होतात. चार माणसांच्या घरात ते दोन दिवसांत, दोन पातेल्यांत विभागले जातात. विभागणीचा फायदाही आहे: रात्रभर थंड ठेवलेल्या स्टॉकवर चरबीचा थर घट्ट जमतो, हवा तेवढा ठेवून बाकीचा काढता येतो. एकाच पातेल्यातल्या पोसोलेत ही मुभा नाही. शिवाय घेवड्याचं पाणी दुसऱ्या दिवशी वापरण्याची रीत तिथल्या घरांत फार जुनी आहे. त्याची साक्ष पुस्तकांत शोधायची गरज नाही. घेवड्याचं पातेलं दोन-तीन दिवस चुलीशेजारी राहतं ही तिथली साधी घरगुती व्यवस्था आहे.

दुसरा आक्षेप: फ्रीझर, डबे, बाटल्या आल्यावर वाळवणाची गरज कुठे उरली? फाबिओला काबेसा दे बाका या शिक्षिकेने १९२९ पासून न्यू मेक्सिकोच्या कृषी विस्तार सेवेत काम करताना खेडोपाडी बायकांना बरण्यांत अन्न भरण्याचं आणि प्रेशर कुकर वापरण्याचं शिक्षण दिलं. हेच त्या सेवेचं धोरण होतं. पण त्याच बाईंनी तिथल्या जुन्या पाककृतीही नोंदवून ठेवल्या, आणि १९४९ मधल्या आपल्या ‘द गुड लाइफ’ या पुस्तकात एका कुटुंबाच्या वर्षभराच्या वाळवण-साठवणीचं चित्र रेखाटलं. नव्या तंत्राची प्रचारकच जुन्या कोठाराची नोंद करते, यात मला विरोध दिसत नाही. बरणी आली तरी वाळवलेल्या वस्तूची चव बरणीतल्या वस्तूला येत नाही हे तिला माहीत होतं. मातीच्या घुमटाकार भट्टीत, जिला ओर्नो म्हणतात, कोवळी कणसं रात्रभर भाजून मग वाळवलेल्या मक्याला चिकोस म्हणतात. त्यात धुराचा जो वास बसतो तो डब्यातल्या मक्यात कुठून येणार? आज वाळवण टिकलं आहे ते चवीसाठी, आणि चवीसाठी टिकलं म्हणून त्याला चांगलं पाणी अधिकच लागतं.

तिसरा आक्षेप नावाचा आहे. ‘साउथवेस्टर्न’ हे नाव १९८० च्या दशकातल्या हॉटेलांनी गाजवलं: सांता फेमध्ये मार्क मिलर यांचं १९८७ मध्ये उघडलेलं कायोटी कॅफे, डॅलसमध्ये डीन फिअरिंग आणि स्टीफन पाइल्स, ह्यूस्टनमध्ये रॉबर्ट डेल ग्रांदे. त्यांच्यानंतर देशभरच्या साखळी-उपाहारगृहांनी मका, काळा घेवडा, जिरं आणि वर भरपूर चीज यांना सरसकट हेच नाव दिलं. म्हणून हे सगळं बाजारू आहे, असं काही जण म्हणतात. मला हा निकाल अर्धाच पटतो. त्या आचाऱ्यांनी हॅचची मिरची, निळा मका आणि पोसोले यांना प्रतिष्ठेच्या टेबलावर आणलं, हे त्यांचं काम लहान नाही. बिघाड झाला तो पुढे, जेव्हा स्टॉक वगळून मसाल्याच्या पुडीवर आणि क्रीमवर भागवलं जाऊ लागलं. चीज, आंबट क्रीम, तळलेल्या टॉर्टिलाचा चुरा यांचा ढीग ज्या सूपवर लागतो, त्याच्या तळाशी बहुधा कमकुवत पाणी असतं. चांगल्या स्टॉकवरच्या सूपला लिंबाची फोड, कापलेला कोबी, मुळा आणि कोथिंबीर पुरते. टॉर्टिला घालायचीच तर ती शिळी घालावी. शिळी टॉर्टिला रस पिऊन त्याला दाटपणा देते, ताजी नुसतीच लिबलिबीत होते.

मग वडी किंवा डब्यातला स्टॉक का नको? या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ मध्ये मांसाच्या अर्काची पद्धत मांडली, आणि १८६५ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी उरुग्वेतल्या फ्राय बेन्टोसला तो अर्क बनवू लागली. हा अर्क म्हणजे मांसाचंच पोषण, असा समज पसरला होता. पुढच्या तपासण्यांत दिसलं की त्यात चव भरपूर, पोषण नाममात्र. मांसाचं प्रथिन आणि चरबी मागेच राहत होती. आजच्या वड्यांत तर पहिला घटक बहुधा मीठ असतो. नैर्ऋत्येच्या सूपसाठी हा मोठाच अडसर आहे, कारण दाणे शिजेपर्यंत रस दोन-तीन तास आटतो आणि आटताना मीठ जिथल्या तिथे राहतं. सुरुवातीला ठीक लागलेली वडी शेवटी खारट होते. जिलेटिन वडीत जवळपास नसतंच, म्हणून दाटपणासाठी मैदा किंवा क्रीम आणावं लागतं. वेळच नसेल तर कमी मिठाचा डबा चालवावा, पण त्यात घेवड्याचं पाणी मिसळून.

याच्या उलट टोकाला हाडांच्या रश्श्याचं आरोग्यमाहात्म्य सांगणारे आहेत. त्यांच्याशीही मी सहमत नाही. प्यायलेलं जिलेटिन पोटात इतर प्रथिनांसारखंच पचून त्याचे तुकडे होतात; ते जसंच्या तसं गुडघ्यात किंवा कातडीत जाऊन बसत नाही. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे एकट्याने ते पूर्ण प्रथिनही नव्हे. ही उणीव भरून काढतात ते सूपमधला घेवडा आणि मांसाचे तुकडे. सूप पौष्टिक आहे ते या मिश्रणामुळे. आजारी माणसाला रस्सा बरा वाटतो, कारण त्यातून पाणी, मीठ आणि ऊब मिळते, आणि हे काही थोडं नाही.

उरलेलं म्हणजे धोक्याचं, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. स्टॉक हे जिवाणूंसाठीही उत्तम अन्न आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळीतही जगतात आणि कोमट रश्श्यात झपाट्याने वाढतात. मोठं पातेलं झाकून रात्रभर ओट्यावर ठेवणं हे त्यांना आमंत्रणच. अमेरिकी अन्नसुरक्षेचा दंडक असा की शिजलेला पदार्थ ५७ अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांत यावा आणि एकूण सहा तासांत ५ अंशांपर्यंत उतरावा. घरात यासाठी स्टॉक गाळून पसरट भांड्यांत ओतावा, भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवावीत, मग फ्रीजमध्ये. तिथे तो तीन-चार दिवस राहतो, त्याहून जास्त ठेवायचा तर गोठवावा. वापरताना खळखळून उकळी आणावी. आणखी एक सूचना परदेशातल्या घरांसाठी, कारण तिथे विजेवरच्या मंद पातेल्यांचा फार वापर होतो: कच्चा राजमा त्यात थेट टाकू नये. राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही. रात्रभर भिजवून, पाणी बदलून, आधी किमान दहा मिनिटं, अर्धा तास तर उत्तमच, खळखळ उकळावा.

शाकाहारी वाचकाला इथवर वाटलं असेल की हे आपल्यासाठी नाही. तसं नाही, आणि याचा दाखला त्या प्रदेशातच आहे. ॲरिझोनातल्या सोनोराच्या वाळवंटात राहणारे तोहोनो ओओडम लोक टेपरी नावाचा लहान घेवडा पिकवतात, जो अगदी थोड्या पावसावर येतो. तो मंद शिजवला की त्याचं पाणी गडद, मातकट-गोड होतं आणि त्यालाच सूप मानून पितात. टुसान शहरातली ‘नेटिव्ह सीड्स सर्च’ ही संस्था १९८३ पासून अशी बियाणी जपते आहे, आणि युनेस्कोने २०१५ मध्ये टुसानला पाककलेचं शहर म्हणून मान दिला तो अमेरिकेतला पहिलाच. मांसाशिवायच्या सूपला घेवड्याचं पाणी आणि दाणे काढलेल्या कणसांच्या बुरकुंडांचं पाणी यांची जोड द्यावी. बुरकुंडं तासभर उकळली की सौम्य गोडसर स्टॉक मिळतो. जिलेटिनचा भरीवपणा यात नसेल. त्यासाठी मूठभर शिजलेला घेवडा वाटून घालावा. कट उरवून आमटी करणाऱ्या घराला यात नवं काही शिकायचं नाही.

प्रत्यक्ष कृतीबद्दल थोडंसं. दोन लिटर स्टॉकला पाव किलो सुका घेवडा किंवा राजमा आणि तेवढाच पोसोले-मका पुरतो. महाराष्ट्रात पोसोले सहज मिळत नाही, पण घरी करता येतो: एक किलो वाळलेल्या पांढऱ्या मक्याला तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम खायचा चुना, स्टीलच्याच पातेल्यात, कारण ॲल्युमिनियमला चुना खातो. पाऊण तास उकळून रात्रभर ठेवावा, सकाळी टरफलं चोळून चार पाण्यांनी धुवावा. दाणे मऊ होईपर्यंत टोमॅटो, लिंबू, चिंच काही घालू नये. आंबटाने घेवड्याची साल आवळते आणि मग तो शिजतच नाही. लाल सूपसाठी सहा-सात ब्याडगी मिरच्या बिया काढून, गरम स्टॉकमध्ये भिजवून, लसणाबरोबर वाटून गाळून घ्याव्यात. न्यू मेक्सिकोच्या मिरचीसारखा रंग जास्त, तिखट बेताचं, हे गुण ब्याडगीत आहेत. हिरव्यासाठी भावनगरी मिरची भरताच्या वांग्यासारखी आचेवर काळी होईपर्यंत भाजून, झाकून, साल काढून चिरावी. साल काढताना ती पाण्याखाली धरू नये, भाजल्याचा वास वाहून जातो. हिरव्या सूपमध्ये बटाटा हवाच. तिकडे घालतात तो ओरेगॅनो युरोपातल्यापेक्षा वेगळ्या कुळातला आहे. त्याच्या जागी चिमूटभर ओवा जवळचा पडतो. जिरं घालावं, पण दोन चिमटींवर जाऊ नये. जिऱ्याचा दर्प वर आला की मक्याचा वास गेलाच म्हणून समजा. मीठ अगदी शेवटी.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अंदाजानुसार त्या देशात तयार होणाऱ्या अन्नापैकी ३० ते ४० टक्के वाया जातं. नोव्हेंबरातल्या त्या चौथ्या गुरुवारनंतर टर्कीचे असंख्य सांगाडे कचऱ्याच्या पिशव्यांत जातात. फिनिक्स, डॅलस, ह्यूस्टन, अल्बकर्की इथे आता मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांच्या टेबलावर त्या दिवशी हा पक्षी असतो, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पोसोले, पिंटो घेवडा आणि हॅचची सुकी लाल मिरची किलोने मिळते. त्या घरांना एवढंच सांगणं आहे: गुरुवारी रात्री घेवडा भिजत घाला, आणि शुक्रवारी सकाळी सांगाडा पिशवीत बांधण्याआधी मोठं पातेलं गॅसवर चढवा.